एर्मीनियाच्या घरचं रक्त

साओ पेद्रूच्या सणाला आमच्या गल्लीत दारादारापुढे सार्डिन भाजतात. त्या वर्षी आमच्या शेगडीपाशी माझा नवरा झेफेरिनू उभा होता. पायात रबरी चपला, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात वाइनचा ग्लास, आणि तोंडाने शेजाऱ्याशी फुटबॉलवरून भांडण. शेगडीतून एक निखारा उडाला आणि त्याच्या तळव्याच्या आणि चपलेच्या मध्ये जाऊन बसला. तो भांडतच राहिला. मला वास आला. सार्डिनचा वास मी झोपेतही ओळखेन. तो हा नव्हता.

"झेफे, पाय!" मी किंचाळले.

त्याने खाली बघितलं, पाय उचलला, निखारा झटकला. कातडी चपलेला चिकटून आली होती. "ओरडतेस काय, काही झालं नाही," तो म्हणाला. त्याला खरंच काहीच जाणवलं नव्हतं.

शेजारी ग्लास ठेवून घरात गेला. आमच्या पोव्हुआत, पोर्तुगालच्या ह्या कोळ्यांच्या गावात, याचा अर्थ पोराटोरांनाही कळतो. आम्ही त्याला पावलांचा आजार म्हणतो. ऐन तिशीत धरतो. आधी तळव्यांना गरम-गार कळेनासं होतं, मग पोट बिघडतं, अंगावरचं मांस जातं, मग माणूस कोंबड्यासारखी पावलं उचलत चालतो आणि शेवटी खाटेला लागतो. कुठल्या घरात तो आहे हे सगळ्यांना पाठ असतं. आमचं घर त्यात नव्हतं.

बटाट्यांचं पातेलं घेऊन माझ्या सासूबाई, एर्मीनिया, बाहेर आल्या. त्यांनी पाय बघितला, माणसांची तोंडं बघितली आणि पातेलं असं आपटलं की बटाटे रस्त्यावर गडगडले.

"काय बघताय रे? बोटीचा रंग आहे तो! दर हिवाळ्यात बोटीच्या बुडाला फासतो ना हा, शिंपले चिकटू नयेत म्हणून, त्याने मेलेत पाय. एर्मीनियाच्या घरचं रक्त स्वच्छ आहे. ज्याला शंका असेल त्याने पुढे यावं."

कुणी पुढे आलं नाही. सासूबाईंचा मासळी बाजारात गाळा होता, आणि त्यांची जीभ अख्ख्या बाजाराला ठाऊक होती.

घरात आम्ही पाच जण. सासूबाई, मी, झेफेरिनू, आमची मुलगी ग्रासिएत आणि थोरली नणंद इदालिना. सासरे तरुणपणीच समुद्रात बुडाले. त्यांचा फोटो स्वयंपाकघरात होता. इदालिना जाळी विणायच्या कारखान्यात जायची. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नव्हतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी तेव्हा नवी नवरी होते. इदालिनाचं बेल्मीरूशी ठरलं होतं. पाद्रीबाबांनी देवळात लग्नाची नावं वाचली होती. बेल्मीरू कामसू, हसरा, पण त्याचा बाप पावलांच्या आजारात गेलेला. सासूबाई आधी काही बोलल्या नाहीत. मग एका सकाळी बाजारात त्या बेल्मीरूच्या आईच्या, उंबेलिनाच्या, गाळ्यापुढे गेल्या, घागरा वर धरला आणि तिच्या मेलेल्या नवऱ्यासारखी, कोंबड्याची पावलं उचलत सगळ्या बाजारासमोर चालून दाखवलं. "माझी पोर तुमच्या घरचे लंगडे धुवायला जन्माला आलेली नाही," म्हणाल्या. बायका हसल्या. हसल्या, खोटं कशाला सांगू. लग्न मोडलं. इदालिनाने आईला एक शब्द विचारला नाही, फक्त तेव्हापासून तिच्याबरोबर जेवायला बसली नाही. आम्ही उठलो की ती ताट वाढून घ्यायची. पुढे बेल्मीरूने शेजारच्या व्हिला दु कोंद गावची मुलगी केली.

तर झेफेरिनूने रंगाचं धरलं. आईने दिलेलं कारण त्याला सोयीचं होतं. रंगाची कुणाला लाज वाटत नाही. तो बोटीच्या मालकाच्या दारात जाऊन ओरडला, "कोर्टात खेचतो तुला! तुझ्या विषाने माझे पाय खाल्ले."

मालक खिडकीतून म्हणाला, "पोर्तोला जा आणि रक्त दे. स्वच्छ निघालं तर बोट तुझ्या नावावर करतो. नाही निघालं तर परत माझ्या दारात यायचं नाही."

ह्या एका टोमण्यावर माझा नवरा तपासणीला तयार झाला. मी दोन वर्षं हातापाया पडत होते. तेव्हा पायांना फक्त मुंग्या येत होत्या. मी सांगत होते तेव्हा तो म्हणायचा, तू लग्न होऊन आलीस तेव्हापासूनच माझी तब्येत उतरली.

"मीपण देते रक्त," इदालिना म्हणाली.

सासूबाईंनी सुरी थांबवली. त्या कोबी चिरत होत्या. "तुला काय करायचंय? तुझ्याशी कोण लग्न करतंय?"

"कुणी नाही. तेवढी काळजी घेतलीस तू," इदालिना म्हणाली आणि कोट घालून बाहेर गेली.

पोर्तोच्या दवाखान्यात आधी खूप बोलतात, मग रक्त घेतात, मग वाट बघायला लावतात. उन्हाळा सरता सरता आम्हाला बोलावलं. डॉक्टर कितेरिया ठेंगणी, सडेतोड बाई. तिने सरळ सांगितलं की दोघांतही आहे. झेफेरिनूला आजार सुरू झालाय, इदालिनाला अजून काही नाही.

झेफेरिनू खुर्ची सारून उभा राहिला. "ही तपासणी कुणाच्या पैशावर चालते? मालकाने फोन केला होता ना तुम्हाला?"

"खाली बसा."

"रंगाने नसा मरतात की नाही, एवढं सांगा."

"मरू शकतात. आणि विषाने, सिगारेटच्या धुराने, उन्हाने, क्ष-किरणांनी पेशीच्या आतली जनुकांची अक्षरंही बिघडतात. पण ज्या पेशीत बिघडली तिच्यापुरती. फुप्फुसातली एखादी, कातडीतली एखादी. अंगातल्या प्रत्येक पेशीत, नेमक्या त्याच जागी, तेच एक अक्षर बदलेल असा रंग अजून निघालेला नाही. तुमच्या बहिणीने कधी बोट रंगवली?"

"बायकांना आम्ही बोटीला हात लावू देत नाही."

"मग तिच्यात तेच अक्षर, त्याच जागी, कसं चुकलं?"

झेफेरिनू बसला. इदालिनाने विचारलं, "एका अक्षराने माणूस मरतो?"

"अक्षराने नाही, त्यातून जे बनतं त्याने." डॉक्टरीणबाईंचा आवाज थोडा खाली आला. "लिव्हरमध्ये एक प्रथिन बनतं. मण्यांची माळ समजा. कुठल्या जागी कुठला मणी ओवायचा हे जनुकातली अक्षरं ठरवतात. तुमच्यात एक अक्षर वेगळं, म्हणून तिसाव्या जागी भलताच मणी येतो. बाकी सगळी माळ बरोबर. पण अशा चार माळांनी घड्या घालून एकमेकींना घट्ट धरायचं असतं, आणि त्या एका मण्यामुळे पकड सैल होते. माळा सुटतात, उलगडतात, त्यांचे चिवट धागे होतात आणि नसांवर जाऊन बसतात. सगळ्यात लांब नसा पायांच्या, म्हणून आधी पाय जातात."

"कुणी केलं हे?" झेफेरिनू म्हणाला. त्याला अजून कुणाची तरी मानगूट धरायची होती.

"कुणी नाही. शेकडो वर्षांपूर्वी, कुणाच्या तरी बीजात, अक्षरांची नक्कल होताना एक चुकलं. पेशी अशा चुका करते आणि बहुतेक स्वतःच दुरुस्त करते. ही राहिली. त्यानंतर मात्र चूक झाली नाही. चुकलेली प्रत बिनचूक उतरत आली, आईबापाकडून पोराकडे. प्रत्येक पोराला येण्याची शक्यता निम्मी."

इदालिना हसली. तसं हसताना मी तिला पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. मी हसले नाही. माझ्या डोक्यात फक्त ग्रासिएत होती. तिला सोळावं लागलं होतं.

"आईकडून की बापाकडून?" मी विचारलं.

"हे रक्त ते सांगत नाही. आईंना घेऊन या."

सासूबाई आल्या नाहीत. त्यांनी आमचं सगळं उभ्याने ऐकलं, मग स्टूल ओढलं, वर चढल्या, सासऱ्यांचा फोटो खिळ्यावरून काढला आणि पिठाच्या डब्यामागे तोंड फिरवून ठेवला.

"त्याचं आहे हे. त्याच्या घरात सगळेच किडके होते. लवकर बुडाला म्हणून कळलं नाही."

"आई!" झेफेरिनूने भिंतीवर मूठ मारली. "तो माझा बाप होता."

"होता ना? मग भोग."

आणि त्यांनी हे बाजारात सांगायला सुरुवात केली. विचारलं नसतानाही सांगायच्या. वजन करता करता, गिऱ्हाइकाच्या हातात माकूल देता देता. सासऱ्यांचे भाऊ त्यांच्याकडून मासळी घ्यायचे बंद झाले. एकाने तर त्यांच्या गाळ्यापुढे थुंकून दाखवलं. सासूबाईंनी त्याच्या अंगावर बादलीभर माशांचं पाणी फेकलं.

उंबेलिनाचा गाळा समोरच होता. कोंबड्याची चाल पाहिल्यापासून ती सासूबाईंशी चांगला-वाईट एक शब्द बोलली नव्हती. त्या शनिवारी मी आणि इदालिना गाळ्यावर मदतीला होतो. सासूबाईंचं बुडालेल्या नवऱ्याचं पुराण चाललेलं. उंबेलिना पाखट माशाची कातडी सोलत होती. तिने सुरी फडक्याला पुसली आणि म्हणाली,

"एर्मीनिया, बुडालेल्यावर ढकललंस ते बरं केलंस. तो काही वर येऊन बोलणार नाही."

"तू तुझी घाण साफ कर."

"करते. तुला एक सांगायचं राहिलंय. माझ्या बेल्मीरूचं रक्त तेव्हाच तपासलं होतं, लग्नाची नावं वाचली त्याच आठवड्यात. स्वच्छ निघालं. बापाचं त्याच्यात आलंच नाही. मी ते सांगायला तुझ्याकडे निघाले होते, आणि तू इथे नाचलीस."

सासूबाईंनी हातातला मासा तराजूत फेकला.

"मग सांगितलं का नाहीस, भवाने?" सासूबाईंचा आवाज चिरकला.

"का सांगू? माझा नवरा म्हणजे धुवायची घाण, असं तू म्हणालीस. त्यावर मी माझा पोरगा स्वच्छ आहे म्हणून तुझ्या दारात हात जोडायचे? मी पोरालाही बजावलं, बोलायचं नाही. तो म्हणाला, जी मला रक्त बघून घेईल ती मला नकोच."

इदालिना माझ्या शेजारी बर्फ पसरत होती. तिचे हात बर्फातच राहिले. "मला तरी सांगायचं होतंत," ती म्हणाली.

उंबेलिनाने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात दया नव्हती. "तू विचारायला आली होतीस? वर्षभर वाट बघितली त्याने. आईच्या घागऱ्यामागे बसून राहिलीस. आता माझ्याकडे काय मागतेस?"

आम्ही तिघी घरी पोचलो. दार लागलं आणि इदालिनाने आईचा खांदा धरून तिला भिंतीशी उभं केलं. आई सत्तरीच्या पुढची. मी मध्ये पडायला गेले तर इदालिना म्हणाली, "वहिनी, तू बाजूला हो."

"सोड. हात मोडेल माझा."

"बाबांचं नाही हे. खरं सांग. बाबांचं असतं तर तू लग्नच केलं नसतंस. सगळ्या घरांची माहिती असते तुला. तुझ्या बापाचं काय?"

"ब्राझीलला गेला माझा बाप. सगळ्यांना माहीत आहे."

"तिथून कधी पत्र नाही, निरोप नाही?"

सासूबाईंनी तिचा हात झटकला. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्या ओरडल्याच, पण निराळं काही.

"नाही गेला ब्राझीलला! बोटीत चढणार कसा, त्याला उभंही राहता येत नव्हतं! आत गावाकडे मावशीच्या मळ्यात ठेवला होता, मक्याच्या कोठारामागे. कुणी बघू नये म्हणून. आईला मासे विकायचे होते, आम्हा बहिणींची लग्नं करायची होती. मी जायची त्याच्याकडे. दहा वर्षांची होते मी. त्याची घाण कुणी काढायची? मी काढायची. त्याला कळायचंही नाही कधी झालं ते. मग चिडून मलाच मारायचा. मेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आणि म्हणून तुला त्या घरात दिली नाही! तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हणून!"

"आणि आम्हाला? आम्हाला येईल हे माहीत होतं?"

"कसं माहीत असणार? मला कुठे काय झालं? तिशी गेली, चाळिशी गेली, मी ठणठणीत. म्हटलं, माझ्यात आलंच नाही, तर पोरांत कुठून येणार? संपलं, असं समजत होते मी."

डॉक्टरीणबाईंनी मला पुढे सांगितलं की एखाद्याच्या अंगात ते चुकलेलं अक्षर जन्मभर असतं आणि त्याला काही होत नाही, किंवा फार उशिरा होतं. असं का, ते अजून नीट कळलेलं नाही. पण त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात डॉक्टरीण नव्हती.

"म्हणजे तू मला वाचवलंस म्हणायचं," इदालिना म्हणाली.

"हो. वाचवलं. काय चुकलं माझं?"

"बेल्मीरूला धुवायची वेळ माझ्यावर आलीच नसती. तो स्वच्छ होता. घाण तर मी घेऊन गेले असते. आता मला कोण धुणार, आई? तू?"

इदालिनाने एका पिशवीत कपडे भरले आणि ती गेली. जाताना तिने पिठाच्या डब्यामागचा बापाचा फोटो काढला आणि बरोबर नेला.

तेव्हापासून ती व्हिला दु कोंदला एका खोलीत राहते. मधूनमधून पोर्तोला तपासून घेते. अजून तिला काही नाही. बाजारात येते, आईच्या गाळ्यावरून मान वळवून पुढे जाते आणि मासळी उंबेलिनाकडून घेते. उंबेलिना तिला वजनात सूट देत नाही, हसतही नाही. दोघी एकमेकींशी फक्त भाव बोलतात.

झेफेरिनूला गोळी सुरू झाली. ती गोळी त्या चार माळांना सुटू देत नाही, म्हणून आजार तिथल्या तिथे रेंगाळतो. जे गेलं ते परत येत नाही. समुद्रावर जाणं सुटलं. तो दिवसभर दारात बसून जाळी सांधतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतो. मालकाची बोट दिसली की घरात निघून जातो. ती दोन वर्षं मी त्याला माफ केलेली नाहीत, आणि तो मला ते ऐकवू देत नाही.

राहिली ग्रासिएत. तिला सांगायचं नाही असं सासूबाईंचं म्हणणं. "पोरीच्या डोक्यात किडा सोडू नकोस. तिला हसू दे चार वर्षं."

"तुमच्या आईनेही हेच केलं होतं," मी म्हटलं.

"माझ्या आईचं नाव काढायचं नाही."

मी त्यांच्यासमोरच तिला सांगितलं. कोबीचं सूप वाडग्यांत होतं, मक्याचा पाव मध्ये होता. मी सगळं सांगितलं. शक्यता निम्मी, हेही. अठरा झाल्यावर तपासता येईल, हेही. पोरीने पाव मोडून सुपात टाकला.

"बाबांच्या गोळ्या मीच काढून देते ना रोज," ती म्हणाली. "मला काय आंधळी समजता? मला आत्ता तपासायचं नाही. मला वाटेल तेव्हा जाईन, आणि एकटी जाईन. पण आजी, तुझ्या बाबांचं नाव काय होतं?"

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "कशाला?"

"मला नावच माहीत नाही."

"जासिंतू," त्या म्हणाल्या, शिवी दिल्यासारख्या.

ग्रासिएत ऐकेना. तिला तो मळा बघायचा होता. मला सासूबाई नाही म्हणाल्या असत्या, नातीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही, का ते मला सांगता येणार नाही. आम्ही तिघी बसने गेलो. मळा आता कुणा परक्याचा. त्याने फाटकातूनच विचारलं, काय पाहिजे, आणि सासूबाईंनी सांगायच्या आत कुत्रा सोडला. कुंपणाबाहेरून त्यांनी बोट दाखवलं. कोठाराच्या जागी ट्रॅक्टरची पत्र्याची शेड होती.

गावच्या दफनभूमीत भिंतीला लागून गवताचा एक पट्टा होता, दगड नाही, क्रूस नाही. "इथेच कुठेतरी," सासूबाई म्हणाल्या. "मला पुढे येऊ दिलं नव्हतं. मी फाटकाशी उभी होते."

"इथे दगड बसवायचा," ग्रासिएत म्हणाली. "नाव घालून."

"काही नको. लोक वाचतील."

"वाचू देत."

"वाचतील आणि हिशेब लावतील! तुझं लग्न व्हायचंय. त्या इदालिनाचं बघितलंस ना काय झालं?"

"आत्याचं कुणी केलं, आजी?"

सासूबाईंचा हात उठला. नातीवर आयुष्यात कधी उठला नव्हता. तो हवेतच राहिला, मग त्यांनी तो शालीत घातला आणि फाटकाकडे चालू लागल्या, ताठ, एकदाही मागे न बघता. दुखऱ्या गुडघ्याने पार थांब्यापर्यंत गेल्या, पण आमच्यासाठी थांबल्या नाहीत.

दगड बसला. ग्रासिएतने आत्याला फोन केला आणि इदालिनाने तो घडवून आणला. नुसतं नाव, आणि खाली "पोव्हुआचा". बसवायच्या दिवशी झेफेरिनू काठी टेकत आला आणि उभं राहवेना म्हणून भिंतीवर बसला. इदालिना आली. सासूबाई आल्या नाहीत. आम्ही घरी पोचलो तेव्हा त्या बाजारातून येऊन बूट धूत होत्या. मी म्हटलं, चांगला झालाय दगड. त्या म्हणाल्या, मला काही सांगू नकोस, आणि नळ मोठा केला.